शाळेतला सिनेमा आणि संदेशाचा हट्ट

शाळेतल्या मुलांनी केलेली फिल्म संपत आली की पडदा काळा होतो आणि त्यावर एक वाक्य उमटतं. 'झाडे लावा, झाडे जगवा.' 'व्यसन सोडा, संसार जोडा.' 'मोबाइल कमी, अभ्यास जास्त.' मागे करुण बासरी वाजत असते. टाळ्या होतात, पाहुणे दोन शब्द बोलतात आणि फिल्ममधून मुलांनी किती मोलाचा संदेश दिला हे सांगतात. गेली काही वर्षं मी आठवड्यातले दोन दिवस शाळांमध्ये मुलांना फिल्म करायला शिकवते आहे. या कामात सगळ्यात जास्त विचार करायला मला या शेवटच्या वाक्यानं लावलं. ते लिहिलेलं असतं मुलांनीच. पण ते मुलांचं असतं का? आणि नसेल, तर मुलांचं असं काही पडद्यावर यावं यासाठी मोठ्या माणसानं काय करावं आणि काय करू नये? या लेखात मी याच दोन प्रश्नांचा माग काढणार आहे.

हजेरीपटाबाहेरची ताई

मी व्यवसायानं संकलक आहे. माहितीपटांचं संकलन हे माझं पोटापाण्याचं काम; ते पुण्यात, बंद खोलीत, संगणकासमोर चालतं. गुरुवारी आणि शनिवारी मात्र मी शाळेत असते. गुरुवारी शहरातली एक शाळा, शनिवारी भोर तालुक्यातली डोंगराकडची एक. मानधन तासावर मिळतं. हजेरीपटावर माझं नाव नाही, माझ्या विषयाला गुण नाहीत आणि वेळापत्रकात माझा तास 'कार्यानुभव' या चौकटीत बसवलेला असतो. शिक्षकांना मुलं 'सर' आणि 'बाई' म्हणतात, मला 'ताई' म्हणतात. या एका संबोधनात माझी जागा नेमकी सांगितली जाते: शिकवणारी, पण शाळेची नव्हे.

हे अर्धवेळपण गैरसोयीचं आहे. घटक चाचणी आली की पहिला तास जातो तो माझा. स्नेहसंमेलनाच्या तालमी सुरू झाल्या की दोन-तीन आठवडे शाळेत माझं काही कामच नसतं. पण त्याचा एक फायदाही आहे. मी गुण देत नाही, त्यामुळे मुलांना माझ्यासमोर बरोबर उत्तर द्यावं लागत नाही.

शाळेत येणाऱ्या अशा बाहेरच्या माणसाचा गंभीर विचार फ्रान्समध्ये झाला आहे. १९९५ साली, सिनेमाच्या शताब्दीच्या निमित्तानं, पॅरिसच्या 'सिनेमातेक फ्रान्सेज' या संस्थेशी जोडलेला एक शालेय उपक्रम सुरू झाला. 'सिनेमा: तारुण्याची शंभर वर्षं' असं त्याच्या नावाचं मराठी करता येईल. त्यात वर्गशिक्षक आणि प्रत्यक्ष सिनेमात काम करणारी व्यक्ती मिळून मुलांबरोबर वर्षभर काम करतात. दर वर्षी सिनेमाच्या भाषेतला एकच प्रश्न घेतला जातो. कॅमेरा का हलवायचा? काय दाखवायचं आणि काय लपवायचं? पुढे २००० साली शिक्षणमंत्री जाक लांग यांनी शाळांमधल्या कलाशिक्षणाची मोठी योजना आखली, तेव्हा सिनेमाच्या बाजूनं सल्लागार होते समीक्षक आणि दिग्दर्शक आलँ बेर्गाला. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात त्यांनी मांडलेला मुद्दा माझ्या कामाच्या मुळाशी जाणारा आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की कलेनं शाळेत थोडं परकंच राहायला हवं. तिचा नेहमीचा विषय केला, तिच्या व्याख्या आणि टिपा केल्या, की तिच्यातली गडबड करण्याची ताकद जाते. मुलाला कलेपर्यंत नेणाऱ्या माणसासाठी ते समीक्षक सर्ज दाने यांच्याकडून आलेला एक फ्रेंच शब्द वापरतात. त्याला मराठीत सरळ 'नावाडी' म्हणता येईल. नावाडी पैलतीरी नेतो. पैलतीरावर काय पाहायचं हे तो ठरवत नाही.

मुलांसाठी, मुलांबद्दल, मुलांनी

'बालचित्रपट' हा शब्द आपण तीन वेगळ्या गोष्टींसाठी सैलपणे वापरतो. पहिला मुलांसाठीचा सिनेमा. १९५५ साली केंद्र सरकारनं बाल चित्र समिती स्थापन केली ती यासाठी. २०२२ मध्ये ती राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. दुसरा मुलांबद्दलचा सिनेमा. यात मराठीची परंपरा सशक्त आहे. १९५३च्या 'श्यामची आई'पासून अलीकडच्या 'टिंग्या', 'फँड्री', 'किल्ला' या चित्रपटांपर्यंत कितीतरी नावं घेता येतील. तिसरा मुलांनी केलेला सिनेमा, आणि त्यावर क्वचितच कोणी लिहितं.

खरं तर कॅमेऱ्यापुढे मुलं पहिल्यापासून आहेत. १९१३च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये रोहिदास झाला होता तो दादासाहेब फाळके यांचा मुलगा भालचंद्र. १९१९च्या 'कालिया मर्दन'मधला कृष्ण म्हणजे त्यांची मुलगी मंदाकिनी. कॅमेऱ्यामागे मुलं यायला मात्र शतक जावं लागलं, कारण यंत्र महाग होतं आणि कच्ची फिल्म त्याहून महाग. मोबाइलनं ही अडचण संपवली. पण यंत्र हातात आलं म्हणजे नजर मोकळी झाली असं नाही.

पहिल्या तासाला मी मुलांना गोष्टी लिहायला सांगते. सहावी ते नववीच्या वर्गांत येणारे विषय मला आता पाठ आहेत: कर्जबाजारी शेतकऱ्याची आत्महत्या, दारुडा बाप, मुलीला शिकू न देणारी आजी, प्लास्टिक खाऊन मरणारी गाय, मोबाइलमुळे नापास झालेला मुलगा. गोष्टी बहुधा एकाच साच्यातल्या. आधी वाईट माणूस, मग अपघात किंवा मृत्यू, मग एका हुशार मुलाचं भाषण, शेवटी पश्चात्ताप. वीस वर्षांची दारू आठव्या मिनिटाला सुटते.

यावर मुलांना हसण्यात अर्थ नाही. ती अत्यंत चाणाक्ष असतात. निबंध, वक्तृत्व, पथनाट्य, चित्रकला या प्रत्येक स्पर्धेत विषय वरून येतो आणि बक्षीस शेवटच्या परिच्छेदाला मिळतं, हे त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं असतं. मोठ्यांना काय आवडतं याचा त्यांचा अभ्यास पक्का असतो. फिल्म हाती आल्यावर त्या अभ्यासाचा उपयोग करण्यात त्यांचं काय चुकलं? आणि हे विषय खोटेही नसतात. वर्गातल्या कोणाच्या तरी घरात ते घडत असतातच. खोटी असते ती फक्त त्यांची मांडणी, कारण ती मोठ्यांकडून उसनी आणलेली असते.

एक मिनिट

म्हणून गोष्टींच्या वह्या मी काही काळ बाजूला ठेवायला लावते आणि सिनेमाच्या सुरुवातीकडे जाते. २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसमध्ये ल्युमिए बंधूंनी तिकीट लावून दाखवलेल्या दहा फिल्म प्रत्येकी साधारण पन्नास सेकंदांच्या होत्या. कॅमेऱ्यात सुमारे सतरा मीटरच फिल्म मावायची, म्हणून तेवढ्याच. पुढच्याच वर्षी, ७ जुलै १८९६ला, त्यांचे खेळ मुंबईच्या वॉटसन हॉटेलात झाले. या फिल्मना गोष्ट नव्हती आणि संदेश तर नव्हताच. कारखान्यातून कामगार बाहेर पडतात. आईवडील बाळाला भरवतात. त्या बाळाच्या फिल्ममध्ये प्रेक्षकांना मागच्या झाडाची हलणारी पानं पाहूनच नवल वाटलं, असं सिनेमाच्या इतिहासात सांगितलं जातं.

आपल्याकडेही सुरुवात अशीच झाली. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर म्हणजे सावेदादा यांनी १८९९ साली मुंबईत हँगिंग गार्डनमध्ये कुस्तीचा सामना चित्रित केला. माकडांना खेळ शिकवणाऱ्या माणसाचीही एक फिल्म केली. फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी, १९१२ मध्ये, वाटाणा पेरून त्याचा कोंब वर येताना एकेक चौकट टिपत चित्रित केला. ती छोटी फिल्म भांडवल देणाऱ्याची खात्री पटवण्यासाठी होती. मराठी माणसाच्या सिनेमाचे हे आरंभीचे विषय पाहा: कुस्ती, माकडं, कोंब. त्यांत उपदेश नाही, पाहण्याचं नवल आहे.

बेर्गाला यांच्या परंपरेत 'ल्युमिए मिनिट' नावाचा अभ्यास मुलांना देतात. मी तोच देते. नियम चार. फोन आडवा आणि स्थिर ठेवायचा; एकदा सुरू केला की मिनिटभर हात लावायचा नाही; समोरच्यांना काही करायला सांगायचं नाही; आणि जागा, उंची, वेळ या तीन गोष्टी आधी ठरवून त्यांचं कारण वहीत लिहायचं. दिवसभरात प्रत्येकानं एकच मिनिट घ्यायचं. मोबाइलवर शंभर वेळा घेण्याची सोय असताना ही बंदी मुलांना जाचते. पण सतरा मीटरच्या टंचाईनं जे शिकवलं ते ढिगानं असलेली जागा शिकवत नाही. एकदाच घ्यायचं म्हटलं की मुलगा फोन काढण्याआधी पाहू लागतो.

सातवीतल्या एका मुलीनं नळाखालचा हंडा भरताना टिपला. फोन तिनं जमिनीलगत ठेवला होता, त्यामुळे चौकटीत हंडा, धार आणि मागे नुसते पाय. वर्गात दाखवताना गंमत झाली. हंडा भरत येतो तसा पाण्याचा आवाज बारीक होत जातो. हंडा भरायच्या क्षणाआधीच वर्गातल्या मुली "झाला, झाला" म्हणू लागल्या. मुलगे पडद्याकडे पाहत होते, मुली कानानं पाहत होत्या. पाणी कोण भरतं यावर मी भाषण दिलं असतं तर ते सगळ्यांनी मान डोलावून ऐकलं असतं. इथे ते वर्गाला आपोआप कळलं आणि दोन मुलगे जरा गप्प झाले.

दुसऱ्या एका मुलानं एसटीच्या थांब्यावर मिनिट घेतलं. "ताई, माझ्यात काहीच झालं नाही. गाडीच आली नाही," तो तक्रारीच्या सुरात म्हणाला. मी वर्गाला ते पुन्हा पाहायला लावलं. तेव्हा कोणाच्या तरी लक्षात आलं, की बाकावरचे आजोबा एका मिनिटात तीनदा उठून रस्त्याकडे बघून परत बसतात. गाडी न येणं हीच गोष्ट होती.

वाटाण्याऐवजी आम्ही मटकी घेतो. ओल्या फडक्यावर पसरलेली मटकी, वर टेबलाचा दिवा, आणि दर अर्ध्या तासानं एक फोटो. घरच्यांनी उसळीसाठी ती मध्येच नेली नाही, तर दीड-दोन दिवसांत मोडांची फिल्म तयार होते. फाळके नावाचा माणूस टपाल तिकिटावरून उतरून मुलांच्या स्वयंपाकघरात येतो तो असा.

यानंतर मी अब्बास किआरोस्तामी यांचा 'ब्रेड अँड अ‍ॅली' दाखवते. मुलांच्या बौद्धिक विकासासाठी काढलेल्या इराणी संस्थेच्या चित्रपट विभागात त्यांनी १९७० साली केलेली ही पहिली फिल्म, जेमतेम दहा मिनिटांची आणि जवळपास संवादाविना. पाव घेऊन घरी निघालेल्या मुलाच्या वाटेत कुत्रं आडवं येतं, एवढीच गोष्ट. मुलगा पावाचा तुकडा टाकतो, कुत्रं त्याच्या मागे येतं, त्याच्या दाराशी बसतं आणि गल्लीतून येणाऱ्या पुढच्या मुलावर गुरगुरतं. ही फिल्म पाहिल्यावर वह्या पुन्हा उघडतात. कुत्र्याची भीती हा फिल्मचा विषय होऊ शकतो, हे मुलांना तोवर कोणी सांगितलेलंच नसतं.

चालण्याची दृश्यं

आता संकलनाकडे येते, कारण माझी खरी परीक्षा तिथे होते. डोंगराकडच्या शाळेतल्या मुलांच्या फिल्ममध्ये माणसं फार चालतात. मुलगी घरातून निघते, चालते, चालते, शाळेत पोचते. माझ्या व्यवसायात हे तीन तुकड्यांत उरकतात: दार, पायवाट, फाटक. एका गटाच्या फिल्ममध्ये चालणं दोन मिनिटांहून जास्त होतं. मी विचारलं, "यातलं काय कमी करता येईल?" गटातली मुलगी म्हणाली, "ताई, अजून ओढा आलाच नाही. इथं कापलं तर ती उडत आल्यासारखी वाटेल."

या ठिकाणी मला एक जुना प्रयोग आठवतो. १९६६च्या उन्हाळ्यात सोल वर्थ आणि जॉन अडेअर हे दोन अमेरिकन अभ्यासक अ‍ॅरिझोनातल्या पाइन स्प्रिंग्ज या नवाहो वस्तीवर गेले. तिथल्या काही जणांना त्यांनी सोळा मिलिमीटरचा कॅमेरा आणि संकलन शिकवलं. विषय आणि मांडणी त्यांच्यावर सोडली. हे विद्यार्थी मुलं नव्हती, मोठी माणसं होती. पण अभ्यासकांना पडलेला प्रश्न माझाच होता. कॅमेरा शिकवताना आपण आपली नजरही शिकवतो का? १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकात दोन ठळक निरीक्षणं आहेत. नवाहोंच्या फिल्ममध्ये चालण्याची दृश्यं खूप होती, आणि चेहऱ्याची जवळून घेतलेली दृश्यं जवळपास नव्हती. बाहेरच्याला कंटाळवाणं वाटणारं ते चालणं त्यांच्या कथनपरंपरेत महत्त्वाची घटना होती.

भोरकडची मुलं म्हणजे नवाहो नव्हेत आणि तो निष्कर्ष इकडे उचलून आणणं चुकीचं ठरेल. आमच्या मुलांचं कारण साधं आहे. ती रोज खरंच चालत येतात, आणि त्या वाटेवर ओढा आहे, कुत्री आहेत, पावसात निसरडा होणारा उतार आहे. वाट ही त्यांच्या दिवसातली मोठी घटना आहे. त्या प्रयोगातून मी घेतलं ते एवढंच: कात्री चालवण्याआधी विचारायचं. चालणं जवळजवळ तसंच ठेवलं. मुलीनं स्वतः दोन तुकडे काढले, ओढा मात्र पूर्ण ठेवला. शहरातल्या शाळेत ती फिल्म दाखवली तेव्हा एका मुलानं विचारलं, "ती रोज एवढं चालते?" त्या दोन मिनिटांनी आपलं काम केलं होतं.

फोन कोणाचा, हात कोणाचा

मुलांच्या सिनेमावरची चर्चा कल्पनाशक्तीवर फार वेळ रेंगाळते. खरा अडसर बहुधा फोनचा असतो. गावाकडे घरात चांगला फोन एकच, तो वडिलांचा, आणि वडील तो घेऊन रानात किंवा कंपनीत गेलेले. शहरात फोन असतो, पण त्यात जागा नसते. चित्रीकरणाआधी अर्धा तास जुने व्हिडिओ पुसण्यात जातो. वाऱ्याचा आवाज ही आणखी एक नेहमीची पीडा. त्यावर मुलींनीच उपाय काढला: फोनच्या माइकवर ओढणीचं टोक.

गट केले की कॅमेरा मुलग्यांच्या हातात जातो आणि मुली अभिनय करतात किंवा वही सांभाळतात. हे ठरवून होत नाही, म्हणूनच ते ठरवून मोडावं लागतं. आमच्याकडे चिठ्ठ्या टाकतात. दिग्दर्शन, कॅमेरा, आवाज, नोंदी या चार कामांच्या चिठ्ठ्या दर तासाला नव्यानं निघतात. गटाला दिवसाला बाराच शॉट मिळतात. नोंदी ठेवणाऱ्यानं प्रत्येक शॉटपुढे एक वाक्य लिहायचं: कॅमेरा इथे का? "चांगलं दिसतं म्हणून" हे उत्तर पहिल्या महिन्यापुरतं चालतं, त्यानंतर नाही. शाळेत मी शिकवते ते मुख्यतः हेच. बाकी तंत्र मुलं एकमेकांकडून माझ्याहून लवकर शिकतात.

कडीचा आवाज

आता ज्या फिल्ममुळे हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येते. मुलांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत.

आठवीतल्या पाच जणांच्या गटानं दारुड्या बापाची गोष्ट निवडली होती. बापाचं काम करणारा मुलगा तालमीत इतकं हुबेहूब करायचा की सगळा वर्ग लोटपोट व्हायचा. तोल जाताना दाराची चौकट पकडणं, बोलता बोलता मध्येच विसरणं, एकदम चढणारा आवाज. हे सगळं सिनेमातल्या दारुड्यासारखं नव्हतं. ते जवळून पाहिलेलं होतं. हसणाऱ्यांपैकी काहींना ते माहीतही होतं.

अशा वेळी अर्धवेळ येणाऱ्या माणसाकडे फारसे अधिकार नसतात. घरात ढवळाढवळ करायला मी समुपदेशक नाही. वर्गशिक्षिकेशी मी बोलले. त्यांना घरची परिस्थिती ठाऊक होती आणि त्या आईच्या संपर्कात होत्या. माझ्या हातात होता तो फिल्मचा प्रश्न. मी गटाला त्या आठवड्यासाठी वेगळाच सराव दिला: गोष्टीतली सगळ्यात महत्त्वाची व्यक्ती पडद्यावर एकदाही दाखवायची नाही.

पुढच्या शनिवारी तोच मुलगा म्हणाला, "बापाला दाखवायलाच नको. कडीचा आवाज पुरे." मग त्यानं सांगितलं आणि बाकीच्यांनी लिहून घेतलं. संध्याकाळ. दोन भावंडं जमिनीवर पत्ते खेळतात. बाहेर मोटारसायकल थांबते. धाकटी पत्ते गोळा करू लागते. मोठा हातानं खुणावतो, थांब. तो ऐकतो आहे. पावलं. फाटकाची कडी एका झटक्यात उघडली तर दिवस बरा. कडी दोनदा-तीनदा खडखडली तर पत्ते गादीखाली, दिवा बंद, पांघरूण डोक्यावर. फिल्ममध्ये कडी तीनदा खडखडते. दिवा जातो. अंधारात दोन श्वास ऐकू येतात आणि फिल्म संपते. साडेतीन मिनिटं. दारूची बाटली नाही, मारझोड नाही, रडणं नाही.

वर्गात दाखवली तेव्हा कोणी हसलं नाही. मुख्याध्यापकांना ती फार आवडली आणि त्यांनी दोन सूचना केल्या: शेवटी व्यसनमुक्तीचा संदेश टाकावा आणि फिल्म आंतरशालेय स्पर्धेला पाठवावी. त्यांची बाजू समजण्यासारखी होती. शाळेला आपलं काम दाखवावं लागतं, आणि संदेश नसलेली फिल्म परीक्षकांसमोर अर्धवट वाटते. पण संदेश आला असता तर काय झालं असतं? फिल्म त्या वाक्याचं उदाहरण झाली असती. प्रेक्षकानं अंधारात ते दोन श्वास ऐकण्याऐवजी एक घोषणा वाचली असती आणि सुटकेचा निःश्वास टाकला असता. संदेशाचं खरं काम बऱ्याचदा हेच असतं. तो मोठ्यांना मोकळं करतो.

दुसरी सूचना अधिक अवघड होती. स्पर्धा म्हणजे तालुक्याचं गाव, मोठा पडदा, बातमी, व्हॉट्सअ‍ॅप. त्या कडीचा आवाज गावात कोण ओळखणार नाही? निर्णय गटानं घ्यावा आणि त्यात त्या मुलाला नकाराचा अधिकार असावा, असं मी सुचवलं. वर्गशिक्षिकेनं त्याला पाठिंबा दिला. मुलगा एक दिवस विचार करून आला. "वर्गात दाखवली तेवढी बास," तो म्हणाला. "आणि आईला दाखवतो." फिल्म स्पर्धेला गेली नाही. गटानं दुसरी फिल्म पाठवली, ओढ्याच्या वाटेची. तिला बक्षीस मिळालं नाही.

न दाखवण्याचा अधिकार

मुलांच्या फिल्मच्या बाबतीत आपण अभिव्यक्तीचा अधिकार मोठ्यानं बोलतो. तिची दुसरी बाजू, म्हणजे न दाखवण्याचा अधिकार, तितकीच महत्त्वाची आहे. २०२३च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं अठरा वर्षांखालच्या सगळ्यांना मूल मानलं आहे आणि त्यांची माहिती हाताळण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती आवश्यक ठरवली आहे. आम्ही वर्षाच्या सुरुवातीला पालकांची लेखी संमती घेतो. पण कागदावरची संमती पुरत नाही. वरच्या प्रसंगात पालक म्हणून सही कोणी करायची होती? म्हणून मुलाला स्वतःला पुन्हा विचारावं लागतं: चित्रीकरणाआधी, संकलनानंतर आणि प्रत्येक नव्या प्रदर्शनाआधी. एका प्रेक्षकवर्गासाठी दिलेला होकार दुसऱ्यासाठी चालत नाही. मुलंही हे लवकर शिकतात. नळावरच्या मिनिटानंतर त्या मुलीनं आपणहून चौकटीतल्या पायांच्या मालकिणींना फिल्म दाखवून आणली होती.

मुलांचा दिवस आज कोणी ना कोणी टिपत असतं. वाढदिवस, शिक्षा, नाच, रडणं, सगळं. अशा काळात फिल्म शिकवण्याचं पहिलं काम अधिक टिपायला शिकवणं हे असू शकत नाही. काय टिपायचं, कोणाला विचारून, किती वेळ आणि कुठे थांबायचं, हे ते काम आहे.

मेंढ्यांचा फायदा

पालकसभेत मला दर वर्षी एक प्रश्न येतो: याचा पुढे उपयोग काय? प्रश्न रास्त आहे. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात, २०२० साली, सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवसांची आणि स्थानिक कारागिरांकडे शिकण्याची कल्पना आहे. तिचा आधार घेऊन मी 'व्यवसाय कौशल्य' असं उत्तर देऊ शकते. पण ते पूर्ण खरं नसेल. यातली बहुतेक मुलं सिनेमात जाणार नाहीत.

वर्थ आणि अडेअर यांनी आपल्या पुस्तकात एक प्रसंग नोंदवला आहे. प्रकल्पाची परवानगी मागायला ते वस्तीतल्या एका वृद्ध वैद्याकडे गेले. यानं मेंढ्यांचं काही नुकसान होईल का, असं त्यानं विचारलं. नाही, असं कळल्यावर त्यानं विचारलं, की मग मेंढ्यांचा फायदा होईल का? तोही होणार नव्हता. मग ते करायचं तरी कशाला, हा त्याचा तिसरा प्रश्न होता. पालकसभेतला प्रश्न तोच आहे.

माझं उत्तर बेताचं आहे. मेंढ्यांचा फायदा होत नाही. त्या मुलाच्या घरची कडी फिल्ममुळे नीट वाजायला लागली असं मी म्हणणार नाही. पण रोज रात्री जे त्याच्यावर कोसळत होतं, त्याचं काय दाखवायचं, काय झाकायचं, कोणासमोर आणि कुठवर, हे एकदा त्यानं ठरवलं. चौदाव्या वर्षी बहुतेक गोष्टी दुसरेच ठरवत असतात. त्यात ही एक त्याची होती.

यासाठी शाळांना फार काही करावं लागणार नाही. फिल्मस्पर्धांच्या नियमांतून 'सामाजिक संदेश आवश्यक' हे कलम काढावं. माझ्यासारख्या येणाऱ्या-जाणाऱ्यांना सलग वर्ष द्यावं, स्नेहसंमेलनाआधीचा महिना नव्हे. एखादी चांगली फिल्म कपाटात राहिली तर ती वाया गेली असं समजू नये. आणि फिल्म संपल्यावर माइक आधी पाहुण्यांकडे न देता मुलांकडे द्यावा. आमच्या वर्गात तो आता मुलांकडेच असतो. परवा सहावीतल्या एका मुलानं नववीतल्या दिग्दर्शिकेला विचारलं, "कॅमेरा खिडकीबाहेर का ठेवलास?" तिनं कारण सांगितलं. त्याला ते पटलं नाही. दोघं बराच वेळ वाद घालत बसली आणि मला त्यात पडायची गरज लागली नाही.